जॅक उचलतो, धरत नाही

गेल्या महिन्यात आमच्या युनिटच्या वाहनांचं इन्स्पेक्शन होतं. पंजाबातली थंडीतली सकाळ, एमटी पार्कात धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं. थ्री-टनर ओळीनं उभे आणि प्रत्येक गाडीपुढे ताडपत्रीवर तिचं टूल किट मांडलेलं. सहा महिन्यांपूर्वीच कमिशन मिळालेला आमचा लेफ्टनंट यादी घेऊन पुढे चालला होता. स्पॅनर मोजले, टायरमधली हवा बघितली, बॅटरीचं पाणी बघितलं. जॅकपाशी आला, यादीवर टिक मारली आणि पुढच्या गाडीकडे वळला.

मी विचारलं, "जॅक तपासलास?"

"आहे ना सर, हा काय समोर."

त्याला रागावण्याचा मला अधिकार नव्हता. त्याच्या वयात मीही अशीच टिक मारली होती. म्हणून चहाच्या वेळी त्याला जॅकची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगतो, कारण वाचकांपैकी बहुतेकांच्या गाडीत जॅक असतो आणि तो शेवटचा कधी बघितला हे फार थोड्यांना आठवतं.

गोष्ट सुरू होते सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. ब्लेझ पास्कल शाळेच्या पुस्तकात आपल्याला भेटलेला असतो. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा त्याचा नियम. १६६२ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच तो वारला आणि द्रवांवरचा त्याचा प्रबंध पुढच्या वर्षी छापला गेला. त्यात त्यानं लिहून ठेवलं होतं, की एक दट्ट्या दुसऱ्याच्या शंभरपट मोठा असेल, तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची बरोबरी करेल.

हिशेब सोपा आहे. जॅकचा लहान दट्ट्या १ सेंटिमीटर व्यासाचा आणि मोठा ४ सेंटिमीटरचा धरा. क्षेत्रफळ १६ पट होतं. वर हँडलची तरफ २० पट देते. म्हणजे हातानं १० किलोचा जोर लावला, की ३२०० किलो उचलायची ताकद तयार होते. घर्षणात थोडी जाते. फुकट मात्र काहीच मिळत नाही. मोठा दट्ट्या १ सेंटिमीटर वर यायला लहान दट्ट्याला १६ सेंटिमीटर चालावं लागतं, म्हणून तर आपण इतका वेळ हँडल मारत बसतो.

सिद्धांत तयार होता. तरी चालणारं यंत्र यायला १७९५ साल उजाडलं. मधली सव्वाशेहून जास्त वर्षं गेली ती गळतीपायी. दट्ट्या सिलिंडरमध्ये सैल बसवला तर बाजूनं पाणी सुटतं, घट्ट बसवला तर दट्ट्याच अडकतो. लंडनमध्ये कुलुपं बनवणारा जोसेफ ब्रामा यानं हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण गळतीनं तोही हैराण होता. तोड काढण्याचं श्रेय त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ली या तरुण कारागिराला दिलं जातं. त्यानं चामड्याचा वाटीसारखा वॉशर बसवला. आत दाब वाढला, की तोच दाब वाटीची कड फाकवून दट्ट्याला चिकटवतो. दाब उतरला, की कड सैल होते आणि दट्ट्या मोकळा हलतो. म्हणजे जो दाब पाणी बाहेर ढकलत होता, त्यालाच राखणीला बसवलं.

ज्यांनी लहानपणी सायकलच्या पंपाचा चामडी वॉशर तेल लावून मऊ केला असेल, त्यांना हे चित्राशिवाय कळेल. वॉशर सुकला, की पंप नुसता वर-खाली होतो, हवा काही जात नाही. जॅकचंही तसंच आहे. चामड्याच्या जागी आज रबरी सील आलं, पाण्याच्या जागी तेल आलं, पण सगळी भिस्त त्या वाटीवरच.

पेटंटवर मॉडस्लीचं नाव नव्हतं. आठवड्याला ३० शिलिंग मिळत होते, त्यानं वाढ मागितली, ब्रामानं नाकारली. १७९७ मध्ये त्यानं स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि पुढे तो इंग्लंडमधल्या यंत्रकारांचा गुरू झाला. एमटीत काही वर्षं काढलेल्या माणसाला या गोष्टीचं नवल वाटणार नाही. सही एकाची असते, गाडी दुसराच चालती ठेवतो.

प्रेस भराभर पसरले. आपल्याकडे कापसाच्या गाठी आवळायला ते आले. जहाजात जागा मोलाची, म्हणून मुंबईहून परदेशी जाणारा कापूस दाबून दाबून बांधायचे. पण मला लेफ्टनंटला सांगायची होती ती वेल्समधली हकिकत.

मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन रेल्वेचा ब्रिटानिया पूल बांधत होता. गाडी आतून जाईल असे लोखंडी चौकोनी बोगदे किनाऱ्यावर तयार करायचे, तराफ्यांवरून खांबांपाशी आणायचे आणि हायड्रॉलिक प्रेसनी शंभर फूट वर न्यायचे, असा बेत होता. एकेक मोठा बोगदा साडेचारशे फुटांहून लांब आणि दीड हजार टनांहून जड. बोगदा आधी पूर्ण वर नेऊ, खालचं बांधकाम मागाहून करू, असा हाताखालच्या इंजिनियरांचा आग्रह होता. वेळ वाचला असता. स्टीफन्सननं ऐकलं नाही. बोगदा जितका वर जाईल तितकी खालची पोकळी लगोलग भरत चला, असा त्याचा हुकूम होता. ऑगस्ट १८४९ मध्ये उचलणं चालू असताना एका प्रेसच्या सिलिंडरचा तळच फुटून खाली आला. बोगदा मात्र काही इंच खचला आणि खालच्या भरावावर टेकला. भराव नसता, तर तो सरळ खाली गेला असता.

दोन वर्षांनी, १८५१ मध्ये, न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजननं उचलून नेता येईल अशा हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. आपल्या बॉटल जॅकचा पूर्वज तो. मग ब्रुनेलचं 'ग्रेट ईस्टर्न' हे अवाढव्य जहाज आलं. नोव्हेंबर १८५७ मध्ये ते थेम्सच्या काठावर अडून बसलं, साखळ्या तुटल्या, तरी हलेना. शेवटी बर्मिंगहॅमच्या टँग्ये बंधूंचे हायड्रॉलिक जॅक लावून इंचाइंचानं ढकलत ३१ जानेवारी १८५८ रोजी ते पाण्यात गेलं. पुढे मोटारी आल्या आणि जहाज ढकलणारी ही चीज ड्रायव्हरच्या सीटखाली जाऊन बसली.

आता माझी टिक.

मी कॅप्टन होतो, युनिटचा एमटीओ. नोव्हेंबरात लडाखच्या रस्त्यावर आमचा ताफा चालला होता. संध्याकाळी एका थ्री-टनरचा मागचा टायर बसला. जॅक लावला, गाडी उचलली, चाक काढलं. स्प्रिंगचं पान तुटल्यासारखं दिसलं म्हणून ड्रायव्हर बघायला खाली सरकला. एमटी हवालदार माण तालुक्यातला. तो ओरडला, "थांब!" स्टेपनी लोळवत आणून त्यानं चासीखाली आडवी सारली, वर लाकडी ठोकळे रचले आणि मगच त्याला आत जाऊ दिलं. अंधार पडत होता, वाऱ्यानं बोटं वळत नव्हती. मी म्हणालो, "अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"साहेब," तो म्हणाला, "जॅक उचलायला असतो, धरायला नसतो."

मिनिटभरात जॅक बसला. हळूहळू नाही, एकदम. चासी ठोकळ्यांवर आदळली आणि थांबली. ड्रायव्हर बाहेर आला तेव्हा काही बोलला नाही, बराच वेळ नुसता हातमोजे झटकत राहिला. त्याच्या छातीच्या आणि स्प्रिंगच्या मधे वीतभर जागा उरली होती.

पुढच्या मुक्कामी वर्कशॉपमध्ये जॅक उघडला. सील फुगून लिबलिबीत झालं होतं. तेल कमी दिसलं म्हणून कुणीतरी हाताशी असलेलं ब्रेक ऑइल भरलं होतं. ब्रेक ऑइल जॅकच्या साध्या रबरी सीलला खातं. आणि त्या महिन्याच्या रजिस्टरात त्या जॅकपुढे 'सर्व्हिसेबल' लिहून खाली सही माझी होती. मी जॅक बघितला होता, तपासला नव्हता. घटनेच्या रिपोर्टमध्ये मी तसंच लिहिलं. हवालदारसाहेब आता निवृत्त आहेत, गावी डाळिंब लावतात. दिवाळीला फोन करतो, तेव्हा त्या संध्याकाळचा विषय दोघंही काढत नाही.

तर तपासायचं म्हणजे काय?

दट्ट्या पूर्ण खाली असताना जॅक सरळ उभा करा आणि बाजूचं रबरी बूच काढा. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. दट्ट्या वर ठेवून तेल भरलं, तर ते जास्त होतं आणि खाली येताना बाहेर येतं. तेल हायड्रॉलिक जॅकचंच घाला. ब्रेक ऑइल नको, केरोसीन नको, इंजिनमधून काढलेलं काळं तेल तर नकोच. थंड प्रदेशात तेल घट्ट होतं, तिथे उत्पादकानं सांगितलेलं पातळ तेल वापरा.

हँडल स्पंजसारखं लागत असेल, तर आत हवा आहे. रिलीज व्हॉल्व्ह एक-दोन फेरे सैल करून, भाराशिवाय आठ-दहा वेळा भरभर हँडल मारा, व्हॉल्व्ह बंद करा आणि तेल पुन्हा बघा. आत चेंडूसारख्या गोळ्यांचे दोन व्हॉल्व्ह असतात, त्यांच्या बैठकीवर वाळूचा कण बसला तरी जॅक भार घेत नाही किंवा घेतलेला सोडतो. तेल गढूळ असेल तर बदलून टाका.

जॅक ठेवताना दट्ट्या खाली असू द्या. उघडा राहिला, की त्यावर गंज धरतो आणि गंजाचे खड्डे सीलला किसणीसारखे कापतात. पुसायला तेलाचा बोळा घ्या, पॉलिश पेपर नको. वरच्या स्क्रूला थोडं ग्रीस लावा. सेफ्टी व्हॉल्व्हला मात्र हात लावू नका.

मग खरी परीक्षा. गाडीच्या चाकांना पाचर लावा, जॅकवर भार घ्या, शेजारी घोडी किंवा ठोकळा ठेवा, दट्ट्यावर खडूची रेघ मारा आणि दहा मिनिटं थांबा. रेघ खाली सरकली, तर तो जॅक वर्कशॉपमध्ये जाईल, गाडीत नाही. आणि जॅक कितीही चांगला असला, तरी घोडी लावल्याशिवाय गाडीखाली कुणी जायचं नाही.

तुमच्या लहान कारमध्ये बहुधा स्क्रूचा जॅक असेल. त्यात तेल नसतं. त्याचा स्क्रू साफ करून ग्रीस लावा. घोडीचा नियम त्यालाही तोच.

लेफ्टनंटनं चहा अर्धा ठेवला आणि पार्कात परत गेला. दुपारी माझ्याकडे आला, कोपरापर्यंत हात तेलानं माखलेले. एकोणीस जॅक खडूच्या रेघेवर लावले होते. तीन बसले. सकाळी त्या तिन्हींपुढे त्याची टिक होती. ती खोडून त्यानं शेजारी तारखेसह सही केली होती. मी रजिस्टर बघून परत दिलं.

येत्या रविवारी डिकी उघडून तुमचाही जॅक बाहेर काढा.

जय हिंद.