वीरगळ आणि वीरगल्लु

बेंगळुरूला पोस्टिंग आली तेव्हा क्वार्टरची वेटिंग लिस्ट लांब होती, म्हणून कोरमंगलात भाड्याने घर घेतलं. दोमलूरकडून येणारा रिंग रोड लष्कराच्या जमिनीतून जातो आणि एकदम या गजबजाटात आणून सोडतो. आमच्या एका जिन्यावर तमिळ, तेलुगू, मल्याळी, बंगाली, हिंदी आणि मराठी अशा सहा भाषा आहेत. कन्नड बोलणारं घर एकच, मालकीणबाईंचं.

इथे दुसरा-तिसरा प्रश्न असतो, "तुम्ही कुठले?" महाराष्ट्र म्हटलं की बरेचदा बेळगावचा विषय निघतो. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात, बाहेरून आलेल्याने कन्नड शिकायचं की नाही, यावर चहाच्या टपरीवरही आवाज चढतात. फौजी माणूस अशा वादात पडत नाही, पण कान तर उघडे असतात. आपण आणि ते, ही रेघ नेमकी कुठून जाते, हा प्रश्न मला इथे आल्यापासून पडलेला. त्याचं थोडं उत्तर कोरमंगलापासून आठ-दहा किलोमीटरवर एका दगडाजवळ मिळालं.

होसूर रोडने बोम्मनहळ्ळीपर्यंत गेलं की बेगूरचा रस्ता लागतो. तिथे नागेश्वराचं जुनं देऊळ आहे. त्याच्या आवारात साधारण इ.स. ८९० चा, गंग राजांच्या काळातला शिलालेख आहे. 'बेंगळुरूच्या लढाईत' बुट्टणसेट्टी नावाचा माणूस पडला, असं त्यावर कोरलं आहे. बेंगळुरू हे नाव इतक्या जुन्या लेखात सापडतं ते इथे. होयसळ राजाला एका म्हातारीने उकडलेल्या शेंगांचे दाणे खायला दिले आणि त्यावरून गावाचं नाव पडलं, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. पण ती गोष्ट ज्या राजाची, तो या दगडानंतर तीनशे वर्षांनी झाला. म्हणजे आज करोडोंचा व्यवहार करणाऱ्या या शहराचं नाव आपल्यापर्यंत आलं, ते लढाईत मेलेल्या एका माणसामुळे.

माझ्याबरोबर युनिटमधला गदगचा एक हवालदार होता. म्हटलं, अण्णा, वाचून दाखव. त्याने दोन-चार अक्षरांवर बोट फिरवलं आणि हसला. ती जुनी कन्नड, जुनी लिपी. कन्नड शाळेत शिकलेल्यालाही ती लागत नाही. त्या दगडापुढे आम्ही दोघेही सारखेच परके होतो. पण आवारात दुसरेही वीराचे दगड आहेत, हातात शस्त्र घेतलेल्या माणसांचे. ते मात्र आम्हा दोघांनाही वाचावे लागले नाहीत. त्याच्या गावच्या देवळाबाहेर तसेच उभे आहेत आणि माझ्याही.

आपल्याकडे गावोगावी वीरगळ असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा चोरलेली गुरं सोडवायला धावलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला तर जहाजांच्या लढाईचे वीरगळ आहेत. लहानपणी मला वाटायचं, हे खास आपलं, मराठी मातीतलं. पण शब्दच बघा. कन्नडमध्ये कल्लु म्हणजे दगड, वीरगल्लु म्हणजे वीराचा दगड. त्याचाच आपण वीरगळ केला. गधेगळमधला 'गळ'ही तोच. ज्या दगडाने आपण आपले शूर लक्षात ठेवले, त्याचं नावच शेजाऱ्याच्या भाषेतून आलेलं आहे.

याचा अर्थ दोघं गुण्यागोविंदाने नांदत होते असा नाही. देवगिरीचा यादव राजा भिल्लम आणि होयसळ वीरबल्लाळ यांची मोठी लढाई बाराव्या शतकाच्या अखेरीस सोरटूरला झाली. हे गाव आमच्या हवालदाराच्याच जिल्ह्यात. भिल्लम हरला. ज्यांना आपण आपले म्हणतो त्या यादवांचे कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत. सीमेसाठी ते एकमेकांशी लढले, पण मेलेल्यांसाठी दोन्हीकडे एकाच घडणीचा दगड उभा राहिला. संस्कृती एक असली म्हणून लढाया थांबत नाहीत, हे सैनिकाला कुणी सांगायला नको. पण समोरचाही आपल्यासारखाच आपल्या माणसांना रडतो, एवढं त्यातून कळतं. तेही कमी नाही.

मराठी माणूस बेंगळुरूत आला तोही तलवार घेऊनच. १६३८ मध्ये रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी विजापूरच्या आदिलशहासाठी हे शहर केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. पण ते इथे नुसते ठाणेदार म्हणून बसले नाहीत. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' लिहिलं. त्यात संस्कृतबरोबर कितीतरी देशी भाषांतल्या रचना आहेत. पुढे १६८७ मध्ये मुघलांनी शहर घेतलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना देऊन टाकलं. जहागीर गेली, पण इथे राहिलेली मराठी घरं टिकली. शहाजीराजांची समाधीही कर्नाटकातच, होदिगेरेला आहे.

रोजच्या जगण्यात ही रेघ आणखी पुसट होते. मालकीणबाई तुपाला 'तुप्पा' म्हणतात. अण्णा, अप्पा, अक्का या हाका दोन्हीकडे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावला आहे. ज्या गावावरून लोक भांडतात, तिथेच शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मराठी जवान तयार होतो. तिथल्या पलटणीत घरी कन्नड बोलणारा पोरगाही तीच घोषणा देतो आणि घरी फोन लागला की आईशी कन्नडमध्ये बोलतो. त्यात त्याची ओढाताण झालेली मी पाहिली नाही. आपली भाषा सोडायची नाही आणि शेजारच्या खाटेवरच्याची दोन वाक्यं शिकायची, हा बराकीतला साधा नियम आहे. कोरमंगलातही तो चालतो. मी मोडकं-तोडकं 'स्वल्प अड्जस्ट माडी' म्हटलं की रिक्षावाला आधी हसतो आणि मग बोलायला लागतो.

बेंगळुरूत तारांगणाजवळ राष्ट्रीय सैनिक स्मारक आहे. स्वातंत्र्यानंतर देशासाठी कामी आलेल्या जवानांची नावं तिथे दगडावर कोरलेली आहेत. मधोमध एकाच दगडाचा उंचच उंच स्तंभ उभा आहे आणि त्याला नाव दिलंय वीरगल्लु. नावांमध्ये शिंदे आहेत, गौडा आहेत, थापा आहेत, सिंग आहेत. बुट्टणसेट्टीची भाषा आज वाचता येत नाही, तसं हजार वर्षांनी आपलीही कदाचित कुणाला वाचता येणार नाही. तरी कुणी तो दगड पाहील आणि एवढं समजेल, की इथे कुणासाठी तरी कुणीतरी उभं राहिलं होतं.

इकडे आलात तर बेगूरला जरूर जाऊन या. आणि आपल्या गावच्या देवळामागे एखादा वीरगळ पडून असेल, तर तोही एकदा धुऊन उभा करा.

जय हिंद.