मातेच्या दुधांतील साखर

सोलापूर जिल्ह्यांत माळीनगर येथें सासवडच्या माळी बागाईतदारांनीं १९३२ सालीं साखर-कारखाना काढला. तेथील रीत श्रोत्यांस ठाऊकच आहे: उसाचा रस निवळावयाचा, आटवावयाचा, दाणा वेगळा काढावयाचा, उरलेली मळी आंबवली कीं मद्यार्क होतो. साखर आधीं, आंबवण मागाहून.

मातेच्या दुधांतील विशेष शर्करांचा क्रम नेमका उलटा. १९५४ च्या सुमारास ग्यॉर्गी व कून या शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, त्या अर्भकाच्या आंतड्यांतील हितकर जंतूंस पोसतात. पण त्या आणावयाच्या कोठून? गाईच्या दुधांत त्या नांवालाच असतात, आणि आईचें दूध कांहीं कारखान्याचा कच्चा माल नव्हे!

पुढें एका जंतूची घडण बदलून, त्याला दुग्धशर्करा चारून, मोठमोठ्या टाक्यांत ती साखर करवून घेण्यांत आली. खरी कसोटी त्यानंतरची. जंतु सूक्ष्म गाळण्यांनीं अडतात, क्षार राळेच्या मण्यांवर उतरतात, रंग कोळसा शोषतो. न पचलेली दुग्धशर्करा मात्र हट्टी, कारण तीही साखरच. शिवाय खाणारें तान्हें मूल असल्यामुळें जंतुविषाचा लेशही चालत नाहीं. २०१५ नंतर अमेरिका व युरोप येथें ही साखर बालकांच्या दूधभुकटींत पडूं लागली.

मुंबईच्या शीव रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं दुग्धपेढी उघडली. तेथें अर्भकास निवडक साखर नव्हे, सबंध दूधच मिळतें.