मांजरेतला अहीर

बिलोलीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. तरीही आमच्या मांजरा नदीत समुद्रात जन्मलेलं एक जनावर राहायचं. ते कपारीत वाढायचं, रात्री शिकार करायचं आणि कैक वर्षांनी एका पावसाळ्यात पुराबरोबर निघून जायचं. आमच्या भोयांच्या घरांत त्याला अहीर म्हणत. इंग्रजी पुस्तकांत तो ईल, शास्त्रात अँग्विला बेंगालेन्सिस. मी पुढं प्राणीशास्त्र शिकले, आयुष्यभर तेच शिकवलं. पण अहिराबद्दलचं पहिलं शिक्षण मला माझ्या आजीकडून मिळालं आणि ते पुस्तकाच्या तोडीचं होतं.

आजी मासे साफ करून विकायची. अहीर हातात ठरत नाही, म्हणून चुलीतली राख घेऊन ती त्याला धरायची. वाम आणि अहीर यांतला फरक तिनं मला बोटांनी शिकवला. वामेच्या पाठीवरून शेपटाकडून डोक्याकडं हात फिरवला की काटे टोचतात, तोंड सोंडेसारखं निमुळतं असतं. अहिराच्या पाठीला काटा नाही, पाठीवरची मऊ झालर शेपटाला वळसा घालून पोटाखाली येते आणि जबडा रुंद असतो. बाजारात दोन्ही एकाच टोपलीत जायचे. साफ करणाऱ्या बायकांना मात्र आणखी एक फरक माहीत होता. पावसाळ्याच्या तोंडाला वाम चिरली की अंडी सापडायची. अहिराच्या पोटात गाभोळी कधीच नाही.

"याचं बाळंतपण हितं होत न्हाई पोरी," आजी म्हणायची. "लांब कुठं तरी होतंय."

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की नेमक्या याच प्रश्नानं युरोपातल्या विद्वानांना दोन हजार वर्षं छळलं होतं. ॲरिस्टॉटलनं ईल चिरून पाहिले, त्यांत अंडी दिसली नाहीत, तेव्हा ते चिखलातून आपोआप उपजतात असं त्यानं लिहून ठेवलं. १८७६ साली विद्यार्थी असलेला सिग्मंड फ्रॉइड ट्रिएस्टच्या बंदरात चारशेच्या आसपास ईल फाडून नराची वृषणं शोधत बसला होता. १८९० च्या दशकात इटलीच्या ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी समुद्रात मिळणारा पानाच्या आकाराचा, काचेसारखा आरपार दिसणारा एक चिमुकला मासा पाण्यात जिवंत ठेवला. त्यांच्या डोळ्यांदेखत तो आखडला, गोल झाला आणि त्याचा ईल झाला. तोवर तो वेगळीच जात समजला जात होता.

जन्माची जागा शोधली ती डेन्मार्कच्या योहानेस श्मिटनं. १९०४ साली त्याला फॅरो बेटांजवळ असं एक पिल्लू मिळालं. त्यानंतर जवळजवळ दोन दशकं तो अटलांटिक महासागरात बारीक जाळी ओढत हिंडला. त्याचा हिशेब सरळ होता: पिल्लू जितकं लहान, तितकी जन्माची जागा जवळ. लहानात लहान पिल्लं सारगासो समुद्रात मिळाली आणि १९२२ साली त्यानं तसं जाहीर केलं. पुढं १९२८ ते १९३० या काळात त्याचं 'डाना' जहाज जगाची फेरी करून आलं, तेव्हा आपल्या हिंदी महासागरातल्या अहिरांची पिल्लं सुमात्राच्या पश्चिमेच्या खोल पाण्यात जाळ्यात आली. जपानी ईलची समुद्रातली अंडी पहिल्यांदा हाती लागली ती २००९ साली, मारियाना बेटांच्या पश्चिमेला. कात्सुमी त्सुकामोतो यांच्या पथकानं त्यासाठी अनेक वर्षं समुद्र गाळला होता. आपल्या अहिराची अंडी समुद्रात अजून कोणी पाहिलेली नाहीत.

आजीनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं. पण ॲरिस्टॉटलला चिखल सुचला, तिथं तिला 'लांब कुठं तरी' सुचलं, आणि ते बरोबर होतं. तिला ते सुचण्याला कारण होतं. आमच्या माणसांना नदीतली ये-जा दिसत होती. वीतभर लांबीची, करंगळीहून बारीक पोरं पुराच्या कडेच्या संथ पाण्यातून, ओल्या दगडांवरून वर सरकत यायची. थोरले अहीर भादव्याच्या आसपास, आभाळ भरलेल्या अंधाऱ्या रात्री, पुराच्या धारेत खाली जाताना जाळ्यात यायचे. हे खाली निघालेले अहीर वेगळे दिसत. एरवीचा तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा अंगरंग जाऊन पोट चांदीसारखं झालेलं, डोळे मोठे झालेले आणि आतडं रिकामं. आजी म्हणायची, निघालेला अहीर जेवत नाही, त्याला गळ लावू नका, जाळंच टाका. शास्त्रही हेच सांगतं. परतीच्या वाटेला लागला की ईल खाणं सोडतो, त्याची पचननलिका आक्रसते, खोल समुद्राच्या अंधारासाठी डोळे वाढतात. अंगातल्या चरबीवर तो सगळा प्रवास करतो, एकदाच प्रजनन करतो आणि मरतो. अहिराचं कच्चं रक्त डोळ्याला लागू देऊ नये, हाही आमच्या घरचा नियम. ईलच्या रक्तात खरोखरच विष असतं. शिजवलं की ते नाहीसं होतं.

हे ज्ञान कागदावर कधी उतरलं का, याचा मी पुष्कळ शोध घेतला. दख्खनच्या माशांवर पहिलं पद्धतशीर लिखाण कर्नल विल्यम सायक्सचं. १८२४ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं त्याला मुंबई इलाख्याचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. शेती, लोकसंख्या, कारागिरी यांची मोजदाद करता करता तो पक्षी आणि मासेही गोळा करत गेला. १८३९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मत्स्यनोंदींत अनेक नव्या जातींना त्यानं इथलीच नावं दिली. खुदरी, कोलुस, शिंगटी ही कोळ्या-भोयांच्या तोंडची नावं आजही लॅटिन नावांच्या शेपटाला टिकून आहेत. त्यानं अहीरही नोंदवला. त्याला मात्र गव्हर्नरसाहेबांचं नाव दिलं, अँग्विला एल्फिन्स्टोनी. ही वेगळी जात नाही असं ठरल्यावर ते नाव मागं पडलं. सायक्सबद्दल मला आदर आहे, कारण तो नदीवर गेला आणि त्यानं मासे धरणाऱ्यांना विचारून लिहिलं. पण त्याचा मुलूख इंग्रजी अमलाखालचा होता. आम्ही निजामाच्या राज्यात, नदीच्या खालच्या अंगाला. बिलोली, कुंडलवाडी, सगरोळी, येसगी इथल्या भोयांना कोणी विचारायला आलं नाही.

मांजरा बीडच्या डोंगरांत उगम पावते, लातूर, बिदर, मेदक असा मोठा वळसा घालते आणि आमच्या तालुक्याच्या कडेनं उत्तरेला जाऊन कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. गोदावरीची एकूण लांबी १,४६५ किलोमीटर. कंदकुर्तीपासून समुद्रापर्यंत त्यातली साधारण निम्मी उरते. समुद्रातून आलेल्या बोटभर अहिराला राजमहेंद्री, पापिकोंडलूची घळई, भद्राचलम, कालेश्वरम, धर्मपुरी आणि बासर अशी ठिकाणं मागं टाकत मांजरेच्या तोंडाशी यावं लागे. या वाटेवरचा पहिला मोठा बांध धवळेश्वरमचा. आर्थर कॉटननं तो १८४७ ते १८५२ या काळात बांधला आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातली शेती पालटून टाकली. समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिलसाची वाट त्यानं अडवली. आंध्रात ज्याला पुलसा म्हणतात आणि ज्याच्यासाठी माणसं वाटेल ती किंमत मोजतात, तोच हा मासा. अहिराची पिल्लं हिलसाहून चिवट. ओल्या भिंतीला पोट चिकटवून ती चढतात, त्वचेतून श्वास घेत ओल्या गवतातून सरपटतात. त्यामुळं धवळेश्वरमनंतरही शतकभर अहीर आमच्यापर्यंत येत राहिला. १९३१ साली पुरं झालेलं निजामसागर धरण आमच्या वरच्या बाजूला. त्यानं अहिराची वाट बिदरकडं तोडली, बिलोलीकडं नाही.

बिलोलीची वाट तोडली पोचमपाडच्या धरणानं. १९६३ च्या जुलैत पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. आज त्याला श्रीरामसागर म्हणतात. बेचाळीस दरवाज्यांची ही भिंत कंदकुर्तीच्या खालच्या अंगाला उभी आहे. तिच्या पाण्यावर तेलंगणातली लाखो एकर जमीन भिजते आणि तिकडच्या शेतकऱ्याच्या घासावर बोट ठेवायची माझी इच्छा नाही. मात्र मासे चढण्याच्या वाटेचा विचार तेव्हा झाला नाही.

धरण झालं म्हणून दुसऱ्या दिवशी अहीर संपला नाही. तो दीर्घायुषी आहे. वाट बंद होण्याआधी वर चढून आलेले अहीर डोहांत तसेच होते, वाढत होते, गळाला लागत होते. त्यामुळं आमच्या माणसांना काही तुटलंय याची कल्पनाच आली नाही. उलट काही वर्षं चांगली गेली. जे मिळत ते जाडजूड मिळत. फक्त आजी म्हणाली होती, "थोरलेच येतात आता, बारकं दिसत न्हाई." माझ्या मते आमच्या भागातल्या मासेमारीच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. कुठल्याही प्राण्याच्या वस्तीत पिल्लं दिसेनाशी झाली आणि म्हातारेच उरले, तर ती वस्ती संपल्यात जमा असते. मासे मोजणारे शास्त्रज्ञ त्यासाठी लांबीचे तक्ते करतात. आजीनं ते टोपलीत पाहून ओळखलं. ऐकणारं कोणी नव्हतं. मीही तेव्हा शाळकरी पोर होते.

त्याच काळात धंदाही बदलला. निजामाच्या काळात डोहांचा गुत्ता दिला जाई. गुत्तेदार वरचा आणि पाण्यात उतरणारे आम्ही. नंतर मच्छीमारांच्या सहकारी संस्था झाल्या, तलाव ठेक्यानं मिळू लागले, त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडली जाऊ लागली. घरात नेमाचा पैसा येऊ लागला, हे चांगलंच झालं. पण तलावात सोडलेला कटला कुठून आला आणि कुठं जाणार, हे कोणी विचारायचं कारण उरलं नाही. पुराची चाल, अंधाऱ्या रात्री, कपारींची ओळख हे सगळं निकामी झालं. मांजरेच्या तांबड्या वाळूला हैदराबादेपर्यंत भाव आला तेव्हा तर डोहच उपसले गेले. अहीर नाही, अहिराची कपार नाही आणि तो धरणारा हातही नाही.

तरी अहिराचा माग काढायला हवा. समुद्री प्राण्यांच्या हालचाली पाहायला पैसा आणि मोठी जहाजं लागतातच असं नाही. कोकणात वेळासला २००२ साली गावकरी आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखू लागली. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला डॉ. बासुदेव त्रिपाठी यांनी एका मादीच्या पंखाला ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. २०२५ च्या जानेवारीत तीच मादी गुहागरला अंडी घालायला वाळूवर आली. रात्री किनाऱ्यावर गस्त घालणाऱ्यांनी पट्टीवरचा आकडा वाचला, म्हणून पूर्व किनाऱ्याचं कासव पश्चिम किनाऱ्यावर येतं हे कळलं. एक पट्टी आणि ती वाचणारा जागा माणूस, एवढ्यावर हे काम झालं. गोदावरीच्या अहिराला अशी पट्टी लावून पाहायला हवी.

आमच्याकडच्या म्हाताऱ्या मच्छीमारांशी मी आणि माझे काही जुने विद्यार्थी बोलतो. शेवटचा अहीर कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, किती लांब, पोट पांढरं की पिवळं, पाणी चढतं की उतरतं, असं एकेक लिहून घेतो. साल कोणालाच आठवत नाही, पण बाहात्तरचा दुष्काळ आणि त्र्याऐंशीचा पूर सगळ्यांना आठवतो. त्यावरून आधी-नंतर लावता येतं. अहिराला वाट मोकळी करणंही अशक्य नाही. गोदावरीवरच्या बाभळीच्या बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात. हा निकाल पाण्यासाठी झाला, पण अहिराचा प्रवासाचा हंगामही हाच आहे. श्रीरामसागरच्या भिंतीलगत एखादी ओली, खरबरीत उतरंड केली, तरी पिल्लं चढू शकतात. इतर देशांत अशा वाटा चालू आहेत. पण आधी त्या भिंतीच्या पायथ्याशी पिल्लं येतात का, हे पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन उभं राहून पाहावं लागेल.

म्हणून बिलोली, देगलूर, धर्माबादच्या मच्छीमारांना माझं सांगणं आहे. चुकून अहीर मिळालाच, तर जिवंत असेल तेव्हा मोजून, फोटो काढून सोडा. मेलेला असेल तर मांस तुमचं, डोकं मात्र टाकू नका, स्पिरिटमध्ये ठेवा. त्याच्या कानात एक बारीक खडा असतो आणि त्यावर वर्षांची वलयं असतात. समुद्राच्या पाण्यात घालवलेल्या काळात त्यात स्ट्रॉन्शियम जास्त साचतं, नदीत कमी. तो खडा घासून प्रयोगशाळेत तपासला, की तो अहीर कोणत्या साली समुद्र सोडून गोदावरीत शिरला हे सांगता येतं, आणि ते साल धरणाआधीचं की नंतरचं, हेही.