अंदाजपत्रक आणि वास्तू

आमच्या कापडाच्या व्यवसायात गिऱ्हाईक विचारते, ‘सदऱ्याला किती कापड लागेल?’ आपण आधी पन्हा पाहतो, मगच मीटर सांगतो. इमारत बांधू इच्छिणारा मात्र नकाशा होण्यापूर्वीच रक्कम विचारतो, आणि सांगणाराही ती बिनदिक्कत सांगून टाकतो.

मुंबईतील जुन्या वास्तूंचे हिशेब या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. महानगरपालिकेच्या मुख्यालयाची पायाभरणी ९ डिसेंबर १८८४ रोजी लॉर्ड रिपन यांच्या हस्ते झाली. स्थापत्यकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. मंजूर रक्कम रुपये ११,८८,०८२; १८९३ साली काम पूर्ण झाले तेव्हा खर्च रुपये ११,१९,९६९. म्हणजे ६८,११३ रुपये शिल्लक! उच्च न्यायालयाची इमारत कर्नल फुलर यांच्या आराखड्यानुसार १८७१ ते १८७८ या काळात उभी राहिली. मंजुरी रुपये १६,४७,१९६ ची, खर्च रुपये १६,४४,५२८. वाचले अवघे २,६६८ रुपये. व्यापारी म्हणून मला हा दुसरा हिशेब अधिक भावतो. सात वर्षांच्या कामात हजारी दोन रुपयांचीही तफावत पडली नाही.

आपल्या समाजाचे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख व मातोश्री राजाबाईंच्या नावाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८७८ साली दोन्ही पूर्ण झाली तेव्हा खर्च सुमारे साडेपाच लाखांवर गेला होता. देणगीचा आकडा निराळा, बांधकामाचा निराळा. सभेत पावत्या फाडताना आपण नेमके हेच विसरतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील बॅक बे भरणी योजनेची गत याहून वाईट झाली. समुद्रात टाकलेला गाळ भिंतीतून निसटू लागला, मूळ अंदाज कोसळला आणि वीर नरिमन यांनी त्या कारभाराचे वाभाडे काढले. चूक केवळ दराची नव्हती. तळाची पुरती परीक्षा झाली नव्हती.

गेवराईच्या काळ्या मातीत हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो. चौरस फुटाचा दर शेजाऱ्याच्या इमारतीवरून घेता येतो, पायाची खोली घेता येत नाही. ट्रस्टने पुढेमागे उत्पन्नासाठी गाळे बांधायचे ठरविल्यास वर्गणीचा आकडा जाहीर करण्यापूर्वी जागेवर दोन-तीन खड्डे खणून पाहावेत. बोअर, वीजजोडणी, परवानगीचे शुल्क ही कलमे स्वतंत्र मांडावीत आणि दहावा हिस्सा राखून ठेवावा. गुत्तेदार ही कलमे आपण होऊन सांगत नाही. आपणही विचारीत नाही.

मीही विचारले नव्हते. माझ्या दुकानाचा पाया ठरल्यापेक्षा चार फूट अधिक खोल गेला, गिलाव्याचे पैसे त्यातच संपले, आणि वरच्या मजल्याच्या उघड्या विटांवर आम्ही दोन दिवाळ्या पणत्या लावल्या.