इंदूरचे गुरुजी

इंदूरची चित्रकला म्हटली की आपल्याला बेंद्रे आणि हुसेन आठवतात. त्याच देवळालीकर मास्तरांच्या परंपरेतले विष्णू चिंचाळकर (१९१७-२०००) आठवत नाहीत. इंदूर त्यांना 'गुरुजी' म्हणे. कुंचल्यावर हात बसलेला असताना हा माणूस वाळकी पानं, साली, बिया, फाटके कागद गोळा करू लागला. घडवणं कमीच, वस्तू फिरवून फिरवून बघायची, आत दडलेला पक्षी नाहीतर म्हातारा सापडला की तो दाखवून द्यायचा. मुलांसाठीचं त्यांचं 'खुलते अक्षर खिलते अंक' हे पुस्तकही याच नजरेचं. पानाबियांची कला टिकत नाही हे खरं, पण म्हणून तिला इतिहासात जागाच नको? मला नाही पटत. आमच्या कुळागरात पोयी, करवंट्या, सोडणं ढिगानं पडतात. ती आम्ही न बघताच चुलीत घालतो.