गडचिरोलीतील धोरण-संशोधन

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या या वनबहुल, आदिवासी जिल्ह्यातील आरोग्य व समाजप्रश्नांवर झालेले, धोरणाला वळण देणारे संशोधन. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा बराच काळ नक्षलवादामुळेच बातम्यांत राहिला.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे काम येथे केंद्रस्थानी आहे. दोन गावांतील स्त्रियांच्या तपासणीत तब्बल ९२ टक्के जणींना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या निष्कर्षाने, कुटुंबनियोजनापुरत्याच मर्यादित स्त्री-आरोग्यधोरणाची उणीव उघडी पाडली. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाची इंजेक्शनेही दिली. तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटला (निष्कर्ष प्रसिद्ध १९९९). डॉक्टराविना इंजेक्शन ही कल्पना अनेकांना पचण्याजोगी नव्हती. तरी २०११ मध्ये आशा कार्यकर्तींमार्फत गृहाधारित नवजात सेवा देशभर स्वीकारली गेली.

समाजप्रश्नांपैकी १९९३ च्या जिल्हा दारूबंदीमागे लोकआंदोलनाचा रेटा होता. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तेथील गावकऱ्यांच्या अभ्यासगटांची परंपरा त्याआधीची. नक्षलवादासंबंधीचे सुरक्षाविषयक धोरण मात्र प्रामुख्याने पोलीस यंत्रणेकडेच राहिले. त्यात गावपातळीवरील अभ्यासाला आरोग्यक्षेत्राइतके स्थान मिळाले नाही.