सिस्टरच्या नोंदणीमागचा इतिहास
घोटीच्या आसपास वाडीवर बाळाला लस टोचायला येणाऱ्या सिस्टर तुमच्या ओळखीच्या असतील. पूर्वी बाळंतपण सुईणीच्या अनुभवावर चाले. नाळ अस्वच्छ हत्याराने कापली, तर धनुर्वाताने बाळ दगावे. १९३५ मध्ये मुंबई प्रांतात परिचारिका व सुईणींच्या नोंदणीचा कायदा आला. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा आणि १९६६ मध्ये महाराष्ट्राचा परिचारिका कायदा झाला. म्हणूनच आज एएनएम होण्यासाठी अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदणी लागते. बाळंतिणीचा जास्त रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब ओळखायला त्यात शिकवतात. डोंगराळ, आदिवासी भागात ३००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. त्यामुळे धोका बहुधा सिस्टरलाच आधी दिसतो. त्या "लगेच दवाखान्यात न्या" म्हणाल्या, तर सकाळची वाट पाहू नका.